'लेट्स टेबल धिस': विषय घ्यायचा की बाजूला ठेवायचा?

अमेरिकन क्लायंट मीटिंगमध्ये 'लेट्स टेबल धिस' म्हणाला, तर विषय तूर्त बाजूला पडला. लंडनचा माणूस हेच म्हणाला, तर विषय आत्ता चर्चेला घ्यायचा आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत दोन्हीकडची माणसं एकाच कॉलवर असतात, म्हणून हा फरक पक्का ठाऊक हवा.

आपल्याकडे ब्रिटिश अर्थ चालतो. अहवाल 'सभागृहाच्या पटलावर ठेवला' अशी बातमी येते, ती याच अर्थाने. अमेरिकन काँग्रेसमध्ये मात्र 'मोशन टू टेबल' मंजूर झालं की तो प्रस्ताव बहुधा तिथेच निकालात निघतो. दुसऱ्या महायुद्धात एक कागद ब्रिटिश अधिकाऱ्यांना तातडीने 'टेबल' करायचा होता. अमेरिकनांना तोच कागद महत्त्वाचा वाटत होता, म्हणून त्यांचा 'टेबल' करायला विरोध! दोघांना हवं होतं एकच, पण हे कळेपर्यंत कडाक्याचा वाद झाला, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय.

ऐकताना आधी बोलणारा कुठला ते पाहा, मग मागचे-पुढचे शब्द. 'फॉर नाऊ' किंवा 'अंटिल नेक्स्ट वीक' जोडलं असेल तर पुढे ढकलायचंय. 'टेबल अ मोशन', 'टेबल अ बिल' असं असेल आणि संदर्भ भारताचा किंवा ब्रिटनचा असेल, तर मांडायचंय. तरीही शंका उरली तर तिथल्या तिथे विचारा: 'डू वी डिस्कस इट टुडे ऑर लेटर?' गप्प राहिलात तर एक टीम कामाला लागते, दुसरी थांबून राहते, आणि गोंधळ कळतो तो डेडलाइनच्या दिवशी.

स्वतः बोलताना, विशेषतः ईमेल आणि मिनिट्समध्ये, हा शब्द टाळलेलाच बरा. मांडायचं असेल तर 'रेझ', पुढे ढकलायचं असेल तर 'पोस्टपोन' लिहा, आणि सोबत तारीख द्या: 'पोस्टपोन्ड टू 12 मार्च'. वापरायचाच झाला तर 'टेबल'नंतर थेट विषय येतो. 'टेबल अबाउट द बजेट' चूक, 'टेबल द बजेट' बरोबर.

'ऑन द टेबल' बिनधास्त वापरा. 'द ऑफर इज स्टिल ऑन द टेबल' म्हणजे प्रस्ताव अजून खुला आहे, 'ऑफ द टेबल' म्हणजे आता तो विषय नाही. इथे लंडन आणि न्यूयॉर्कचं एकमत आहे. 'अंडर द टेबल'चा अर्थ तर टेबलाखालचे व्यवहार माहीत असलेल्या मराठी माणसाला वेगळा सांगायला नको.