सीमाभागात एकापेक्षा जास्त दंत दवाखाने असतील तर स्टाफचे परवाने कसे सांभाळावेत

गेली बारा वर्षं मी चार दंत दवाखान्यांची कागदपत्रं बघते. बेळगावातली टिळकवाडी, खानापूर आणि निपाणी हे तीन कर्नाटकात, चौथा हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. मालक सर एकच आहेत, पण डॉक्टर, हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारे), असिस्टंट आणि रिसेप्शनच्या मुली वारानुसार या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात. हे फिरणंच सगळ्या घोळाचं मूळ आहे. एका दवाखान्यासाठी दिलेला सल्ला इथे पुरत नाही.

तक्ता माणसागणिक करू नका

"स्टाफची एक यादी करून ठेवा" असं सगळेच सांगतात. तशी यादी पहिल्याच तपासणीत अपुरी पडते. माझ्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक माणूस आणि एक दवाखाना. एक डॉक्टर तीन ठिकाणी बसत असतील तर त्यांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत कोणत्या राज्याचं डेंटल कौन्सिल (दंतवैद्यांची नोंदणी ठेवणारी परिषद), नोंदणी क्रमांक, रजिस्टरमध्ये नाव जसं छापलंय तसं, नूतनीकरणाची तारीख आणि त्या तारखेच्या ९० दिवस आधीची तारीख. मी काम या शेवटच्या तारखेवर करते. डॉक्टर एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) असतील तर ती पदवी कौन्सिलकडे वेगळी नोंदवली आहे का, त्याचाही एक रकाना ठेवा. बीडीएसची, म्हणजे मूळ पदवीची, नोंदणी झाली म्हणून एमडीएस आपोआप चढत नाही. ती चढेपर्यंत बोर्डावर तज्ज्ञ म्हणून नाव रंगवू नका.

दवाखान्याचे कागद

हे काम सोपं आहे, फक्त वेळेवर करायचं. कर्नाटकातल्या तिन्ही दवाखान्यांना २००७ च्या केपीएमई (कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते. ती पाच वर्षांची असते आणि डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसमार्फत होते. चंदगडला हा कायदा लागू नाही, म्हणून तिथली फाइल पूर्ण वेगळी. कचऱ्यासाठी इकडे कर्नाटकचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिकडे महाराष्ट्राचं. कचऱ्याचा वार्षिक अहवाल दोन्हीकडे ३० जूनच्या आत जायला हवा. एक्स-रे मशीनसाठी एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) ई-लोरा हे ऑनलाइन पोर्टल दोन्हीकडे तेच, मात्र नोंदणी त्या मशीनची त्या जागेसाठी असते. खानापूरचं मशीन बंद पडलं म्हणून टिळकवाडीचं गाडीत घालून नेलं, असं करू नका. पोर्टलवर जागा आधी बदला, मशीन मग हलवा.

चंदगडच्या पिवळ्या-लाल पिशव्या "जाता जाता" बेळगावला आणून टाकू, असं आमच्याकडे दोनदा सुचवलं गेलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. कचरा अधिकृत गाडीच उचलणार, तोही ४८ तासांच्या आत.

पलीकडच्या नोंदणीचे डॉक्टर

मी खरी अडकले ती इथे. ज्यांच्यावर अजून वेळ आली नाही त्यांनी हा भाग नीट वाचावा.

आपल्याकडे दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून राज्यागणिक होते. कर्नाटकचं रजिस्टर बेंगळुरूच्या कौन्सिलकडे, महाराष्ट्राचं मुंबईच्या. एका राज्यात नोंदलेला डॉक्टर दुसऱ्या राज्यात काम करायला लागला, तर नाव तिकडच्या रजिस्टरमध्ये बदलून घ्यायची तरतूद त्या कायद्याने कलम ४६-अ मध्ये केली. आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. निपाणीहून कागल हाकेवर आहे, शिनोळी आली की चंदगड तालुका. कोल्हापूर, गडहिंग्लजची मुलं बेळगावच्या कॉलेजात शिकतात, परत जाऊन महाराष्ट्रात नोंदणी करतात आणि आठवड्यातून दोन दिवस इकडे प्रॅक्टिसला येतात. भाषा एक, पेशंट ओळखीचे. मध्ये हद्द आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या निपाणीच्या दवाखान्यात असेच एक ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा बसवून दात सरळ करणारे) सर मंगळवार-शुक्रवार येत. हात उत्तम होता. रुजू होताना त्यांनी नोंदणीची झेरॉक्स दिली, मी क्रमांक पाहिला आणि फाइलला लावली. कौन्सिल कोणतं हे पाहिलंच नाही. केपीएमईच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते आधी पाहिलं आणि इथल्या कौन्सिलचा क्रमांक मागितला. त्याच दिवशी सरांचं काम थांबवावं लागलं.

तेव्हा तारा बसवलेले चौदा पेशंट अर्ध्या उपचारात होते. त्यातली एक सातवीतली मुलगी अजून आठवते. शुक्रवारी दुपारी ती आईबरोबर आली. मागची तार सरकून तिचं टोक गालात रुतलं होतं, आतून गाल पांढरा पडला होता. तिच्या सरांची खुर्ची रिकामी. आमच्या बीडीएस मॅडमनी टोक कापलं, मेण लावून दिलं आणि पुढच्या तपासणीसाठी तिला बेळगावला पाठवलं. आई काही बोलली नाही, फक्त विचारलं, "मग बसची वेळ काय?" त्यानंतर तीन महिने ते चौदा जण बेळगावच्या दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे जात-येत राहिले. एका झेरॉक्सकडे मी नीट पाहिलं असतं तर त्यांची ही पायपीट टळली असती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. डॉक्टरांशी पगाराचं बोलणं व्हायच्या आधी मूळ प्रमाणपत्र हातात घेते आणि वरचं राज्याचं नाव वाचते. महाराष्ट्राचं असेल तर पहिला प्रश्न एवढाच, तिकडचं नूतनीकरण चालू आहे का? बदलीचे अर्ज इथेच सगळ्यात जास्त अडतात. तिकडची फी थकली असेल तर ना हरकत दाखला निघत नाही, आणि तो निघेपर्यंत पुढचं काही हलत नाही. म्हणून आधी थकबाकी, मग ना हरकत, मग बदलीचा अर्ज. उलट्या क्रमाने केलं तर दोनदा मुंबई आणि दोनदा बेंगळुरू होतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून "हा कागद राहिला" असं ऐकून परत येणं फार जिव्हारी लागतं.

दुसरं म्हणजे, अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. "पावती आहे की, बसवा खुर्चीवर" हा सल्ला मला मोठमोठ्या, अनुभवी लोकांनी दिलाय. मानू नका. क्रमांक हातात येईपर्यंत डॉक्टरांचा एकही वार लावू नका, मालक सर कितीही घाई करोत.

आणि दोन्हीकडे काम करायची इच्छा असलेल्यांचं काय? नाव एका वेळी एकाच रजिस्टरमध्ये राहतं. म्हणून आमच्याकडे चंदगडचे डॉक्टर चंदगडला आणि बेळगावचे बेळगावला. कुणी रजेवर गेलं तरी हद्द ओलांडून बदली पाठवायची नाही. त्या दिवशी दवाखाना बंद ठेवते आणि पेशंटना आदल्या दिवशी फोन करते.

नावं जुळवणं

बदलीचा अर्ज परत येण्याचं दुसरं कारण नावं. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, इकडच्या एसएसएलसीवर (कर्नाटकची दहावी) बऱ्याचदा फक्त आद्याक्षरं, लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, आणि रजिस्टरमध्ये माहेरचं. शिवाय शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक नाव आणि नव्यावर दुसरं. अर्ज भरण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा. फरक दिसला तर विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जासोबत जोडा, मागायची वाट पाहू नका.

असिस्टंट आणि हायजिनिस्ट

हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या, कॅप बनवणारे) यांचीही नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे होते, हे पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. खुर्चीशेजारच्या असिस्टंटची तशी नोंदणी नसते. म्हणून तिचा हात कितीही बसला असला तरी पेशंटच्या तोंडात स्केलर (दातांवरचं कीटण काढायचं हत्यार) तिने धरायचा नाही. खानापूरला एकदा गर्दीच्या दिवशी हे होताना मी पाहिलं आणि तिथल्या तिथे थांबवलं. वाईटपणा आला, तरी चालेल.

हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस सगळ्यांना द्यावीच लागते, कचरा भरणाऱ्या मावशींनाही. हेपॅटायटिसचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. पहिले दोन उत्साहाने होतात, तिसऱ्याला मुलगी परीक्षेला किंवा माहेरी गेलेली असते. तिसऱ्या डोसची तारीख तिच्या मोबाइलमध्ये मी स्वतः टाकते. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी लस लागू पडली का हे सांगणारी रक्ताची अँटी-एचबीएस तपासणी करून घ्या. आकडा १० च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा डोस सुरू करा.

कुणी सोडून गेलं की

त्याच आठवड्यात केपीएमईची स्टाफ यादी, ई-लोराचं खातं, दाराजवळचा नावांचा फलक आणि लेटरहेड या चारही ठिकाणचं नाव काढा. बोर्ड नव्याने रंगवून घेताना वरचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये हवा, तसा कायदा आहे. पेंटरला कन्नड मजकूर कन्नड येणाऱ्या माणसाकडून तपासूनच द्या. आमच्या खानापूरच्या बोर्डावर डॉक्टरांच्या आडनावातला "ळ" चा "ल" झाला आणि बोर्ड दोनदा रंगवावा लागला.