गरोदरपणात लघवीत लपलेले जंतू : या चुका टाळा

"जळजळ नाही, ताप नाही, मग लघवी कशाला तपासायची?" पहिली चूक हीच. गरोदर स्त्रियांपैकी साधारण २ ते १० टक्के जणींच्या लघवीत जंतू वाढत असतात आणि त्यांना काहीही जाणवत नाही. एरवी असे जंतू सापडले तरी त्रास नसेल तर डॉक्टर बहुधा औषध देत नाहीत. गरोदरपणात मात्र देतात. या काळात किडनीतून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या नलिका सैल पडतात, त्यांच्यावर गर्भाशयाचा दाब येतो, लघवी तुंबते आणि जंतू किडनीपर्यंत चढतात. मग थंडी वाजून ताप, पाठीत कळा, कधी वेळेआधी प्रसूती.

रुटीन रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. पट्टीच्या किंवा साध्या तपासणीतून हे जंतू निसटतात. लघवीचं कल्चरच (लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) हवं, शक्यतो पहिल्याच भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नमुना घेताना. आधी हात धुवा, योनीमार्गाची जागा पुढून मागे पाण्याने स्वच्छ करा. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर पडून राहिला तर डबीतच जंतू वाढतात. रिपोर्टमध्ये अनेक प्रकारचे जंतू मिसळलेले दिसले तर बहुतेक वेळा नमुना खराब झालेला असतो. अशा वेळी गोळ्या मागू नका, पुन्हा नमुना द्या. एकाच जंतूची मिलिलिटरला १ लाख किंवा त्याहून जास्त वाढ असेल, तर संसर्ग धरतात.

घरात उरलेली अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका. काही औषधं पहिल्या तिमाहीत टाळतात, नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आल्यावर टाळतात. कोणतं द्यायचं हे डॉक्टर कल्चर आणि महिना पाहून ठरवतात. कोर्स साधारण ४ ते ७ दिवसांचा असतो. "मला कुठे काही होतंय" म्हणून तो मध्येच सोडणं फार महागात पडतं. त्रास मुळातच नव्हता, मग बरं झालं हे कळणार कशावरून? त्यासाठी कोर्सनंतर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करायचं. बऱ्याच जणी नेमकं तेच विसरतात.

रिपोर्टमध्ये 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस' असं जंतूचं नाव असेल तर तो कागद प्रसूतीच्या फाईलमध्ये वरच ठेवा. तेव्हा गोळ्यांनी लघवी साफ झाली असली, तरी बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं.