सायलेन्सर बदलण्यापूर्वी करावयाची ऑक्सिजन सेन्सरची तयारी

कारचा मूळ सायलेन्सर काढून बाजारातला बसवायचे ठरले की बोलणे लगेच आवाजावर, नळीच्या व्यासावर आणि स्टेनलेस स्टीलच्या चकाकीवर येते. ऑक्सिजन सेन्सरचा विषय निघतो तो बहुधा डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागल्यावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. पुढील तयारी हा क्रम उलटा करण्यासाठी आहे. ती बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. डिझेल गाडीतील डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आणि त्याचे सेन्सर हे प्रकरण निराळे असल्याने त्याला येथे हात घातलेला नाही.

सर्वांत आधी गाडी रॅम्पवर घेऊन आपल्या गाडीत सेन्सर नेमके किती आणि कोठे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. साधारणतः चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत दोन सेन्सर असतात, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी आणि दुसरा त्याच्यानंतर, आणि दोघांची कामे वेगळी आहेत. पुढचा सेन्सर जळालेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे ते सांगतो आणि त्यावरून इसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, पुढच्या क्षणी किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही यावर पहारा देतो. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. झिरकोनियाच्या सिरॅमिकच्या एका बाजूला तप्त वायू आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, आणि सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार त्यात विद्युतदाब निर्माण होतो. हवा-पेट्रोलचे मिश्रण दाट (पेट्रोल जास्त) असेल तर हा दाब ०.९ व्होल्टच्या आसपास, विरळ (हवा जास्त) असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास आणि बरोबर जुळलेले असेल तर साधारण ०.४५ व्होल्ट भरतो. शुद्ध पेट्रोलसाठी हे जुळलेले प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन असे आहे. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी ते साडेतेराच्या जवळ उतरते; मात्र सेन्सर आकड्याशी बांधलेला नसून उरलेल्या ऑक्सिजनशी बांधलेला असल्यामुळे त्याचा ०.४५ चा उंबरठा इंधन बदलले तरी तोच राहतो.

याच पाहणीत सेन्सरच्या तारा मोजून ठेवाव्यात. चार तारांचा साधा सेन्सर आणि पाच तारांचा वाइडबँड सेन्सर हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण पहिला व्होल्टमध्ये बोलतो आणि दुसरा विद्युतप्रवाहाच्या भाषेत. सेन्सरवर छापलेला भाग क्रमांक टिपून घेतला, तर पुढे तो काढताना तुटला तरी नेमका तसाच मागवता येतो.

पाहणीनंतरचा निर्णय या संपूर्ण तयारीचा कणा आहे आणि तो पैसे भरण्याआधीच व्हावा. बीएस-६ च्या अनेक पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच (इंजिनातून निघणाऱ्या नळ्या एकत्र येतात त्या भागाला) चिकटून बसवलेला असतो आणि दोन्ही सेन्सर वर, इंजिनाच्या कप्प्यातच असतात. त्यामुळे दुसऱ्या सेन्सरच्या मागची नळी आणि सायलेन्सर एवढेच बदलायचे असेल, तर सेन्सरला हातही लावावा लागत नाही. बदल या रेषेच्या, म्हणजे दुसऱ्या सेन्सरच्या, पुढे इंजिनाकडे सरकून हेडर, डाउनपाइप (इंजिनाजवळच्या नळ्या) किंवा खुद्द कन्व्हर्टरपर्यंत पोहोचत असेल, तर ते काम आवाजाचे उरत नाही, इंजिनाच्या नियंत्रणाचे होते. माझा आग्रह असा आहे की रेषेच्या मागेच थांबावे आणि कन्व्हर्टर कोणत्याही कारणाने काढू नये. कन्व्हर्टर काढल्यावर मागच्या सेन्सरखाली एक लांब नळकांडे लावून त्याला वायूच्या झोतापासून दूर ओढायचे आणि पिवळा दिवा गप्प करायचा, असा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. त्याने दिवा विझतो; कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र तशीच मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातात. अशा फसवणुकीची तयारी सांगण्यासाठी ही यादी नाही.

कायद्याची बाजूही येथेच तपासून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि हवाप्रदूषणाचे किंवा आवाजाचे मानक मोडणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) नुसार ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला, ते बहुतांशी दुचाकींचे असले तरी कलम चारचाकीलाही तेच लागू आहे. म्हणून विक्रेत्याकडून आवाजाच्या चाचणीचा लेखी अहवाल मागावा, तो नसेल तर त्या मालाचा विचार सोडून द्यावा, आणि वॉरंटी व विमा यांवर काय परिणाम होईल हे सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी विचारून घ्यावे.

त्यानंतरचे काम बहुतेक जण गाळतात आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते : काम सुरू होण्याआधीची सेन्सरची मोजणी नोंदवून ठेवणे. स्टीअरिंगच्या खाली असलेल्या ओबीडी पोर्टला (गाडीतील दोष वाचण्याच्या जोडणीला) साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडून, इंजिन पूर्ण तापल्यावर, एकदा आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि एकदा २,५०० आरपीएमवर, पुढच्या सेन्सरचा चढउतार, मागच्या सेन्सरचा दाब, अल्पकालीन व दीर्घकालीन फ्युएल ट्रिम आणि इसीयूत साठलेले सर्व दोषांचे कोड टिपावेत. पुढचा साधा सेन्सर तंदुरुस्त असेल तर तो सतत वर-खाली होत राहतो, आणि कन्व्हर्टर तंदुरुस्त असेल तर मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर दिसतो. फ्युएल ट्रिम म्हणजे ठरलेल्या इंधनात इसीयूला करावी लागणारी भर किंवा कपात. ती शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत असावी. माझ्या आधीच्या गाडीत मी ही नोंद केली नव्हती. नवा सायलेन्सर बसवल्यावर गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, पंधरा दिवस दोष नव्या नळीला दिला गेला, आणि अखेर सापडले ते मॅनिफोल्डजवळच्या जुन्या गॅस्केटला (जोडातील सीलला) गेलेले तडे. ते तडे कामाच्या आधीपासूनच होते की त्या दिवशीच्या ओढाताणीत पडले, हे सांगायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

गळतीचे महत्त्व समजून घेतले तर गॅस्केटवर काटकसर करण्याचा मोह होणार नाही. एक्झॉस्टमधला वायू अखंड धारेने वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतील दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. पुढच्या सेन्सरच्या आधी कोठे बारीक फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, इसीयू मिश्रण विरळ आहे असे समजून पेट्रोल वाढवतो, आणि प्रत्यक्षात नीट चाललेले इंजिन दाट मिश्रणावर चालू लागते. मग मायलेज घटते, प्लग काळे पडतात आणि जास्तीचे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो. सेन्सरच्या बराच मागे असलेल्या गळतीचा मोजणीवर फारसा परिणाम होत नाही, पण तो वायू केबिनमध्ये शिरू शकतो, म्हणून तीही चालवून घेऊ नये. तेव्हा नवी गॅस्केटे, नवे नटबोल्ट आणि नवे हँगर रबर आधीच आणून ठेवावेत. कोठे सीलंट लावावेच लागले तर ते ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असल्याचे डबीवर लिहिलेले असावे, कारण साध्या सिलिकोनची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि तो कायमचा मंदावतो.

सेन्सर काढावाच लागणार असेल तर आदल्या रात्री त्याच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला ते दोनदा मारावे लागते. तारेसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट आणि एम-१८ बाय १.५ आट्यांचा टॅप (आट्या साफ करण्याचे हत्यार) हाताशी असावा. इंजिन कोमट असताना सेन्सर सुटतो, थंडगार असताना आट्या घेऊन येतो. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, सेन्सर बाहेर काढून स्वच्छ कापडात ठेवावा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावी. सेन्सरसाठी नवा बुशिंग (सेन्सर ज्यात फिरवून बसतो ती आट्यांची कडी) वेल्ड करायचा झाल्यास तो नळीच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर असावा, कारण सकाळी नळीत साठणारे पाणी तापलेल्या सिरॅमिकवर आले तर ते तडकते. त्याचे इंजिनापासूनचे अंतर मूळ अंतराइतकेच ठेवावे. तार ओढून पुरवू नये. लांबवायचीच असेल तर डाग देऊन जोडू नये, कारण अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच मिळते. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारू नये. सेन्सर परत बसवताना टोकाला बोट लावू नये आणि कंपनीच्या पुस्तिकेतला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळावा, तो बहुतेक ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

गाडी रॅम्पवरून उतरवण्याआधी थंड इंजिन चालू करून, मागच्या नळीवर कापड धरून, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे आणि बुडबुडे पाहावेत. नळी वेगरोधकावर घासणार नाही आणि सेन्सरची तार तिला टेकत नाही, हेही खालूनच दिसते. नंतर आधीसारखीच मोजणी त्याच दोन वेगांवर पुन्हा घ्यावी आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहावी. पी०१७१ हा कोड मिश्रण विरळ दिसत असल्याचे सांगतो आणि अशा कामानंतर आला तर प्रथम गळती शोधावी. पी०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा असून बहुधा कनेक्टर नीट न बसल्याने येतो. पी०४२० आल्यावर पुष्कळदा मागचा सेन्सर बदलून टाकला जातो, पण तो कोड कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा आहे आणि सेन्सर बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. कोड पुसला की इसीयूच्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात, म्हणून नोंद केल्याशिवाय काहीही पुसू नये आणि पुसल्यावर शहर व महामार्ग अशा मिश्र वापराचे काही दिवस जाऊ द्यावेत.

ते दिवस झाले की जुन्या पीयूसीची मुदत उरली असली तरी नवी चाचणी करून घ्यावी. बीएस-४ व त्यापुढच्या पेट्रोल गाडीला २,५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा (हवा-इंधनाचे प्रत्यक्ष प्रमाण भागिले जुळलेले प्रमाण) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान यावा लागतो. कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर असलेल्या गाडीला हे अवघड नसते. ही पावती, दोन्ही वेळच्या मोजणीचा कागद आणि सायलेन्सरचा चाचणी अहवाल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा, आणि काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात न देता तोंडे कापडाने बांधून कोरड्या जागी ठेवावा, कारण तपासणीत आक्षेप निघाला तर तोच पुन्हा चढवावा लागेल.