सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्या: या चुका टाळा

व्हरायटी चौकात सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं. डॅशबोर्डवर हिरवा ‘ए’ उजळला. हीच ‘स्टॉप-स्टार्ट’ सोय, आणि तिच्यावर नागपुरात सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, पेट्रोल वाचतंय ना, राहू द्या. दुसरा गाडी काढल्या काढल्या बटण दाबून ही भानगडच बंद करतो, कारण ‘बॅटरी खाते, सेल्फ जातो, एसी गरम हवा फेकतो’. या तीन तक्रारींपैकी एसीची पूर्ण खरी आहे, बॅटरीची अर्धी, आणि सेल्फची जवळपास नाहीच. या गाड्यांचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून लावणारी मोटर, मुळातच जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. ब्रश, गिअर, बेअरिंग सगळं जाड. तो लवकर जातो तेव्हा बहुतेकदा कमजोर बॅटरीवर ओढत ओढत फिरवलेला असतो, किंवा भंगारातून आणलेला साधा सेल्फ बसवलेला असतो.

म्हणून सुरुवात बॅटरीपासूनच.

स्वस्तातली साधी बॅटरी बसवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. स्टॉप-स्टार्टच्या गाडीत कंपनीकडून ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार चार्ज-डिस्चार्ज सोसणारी बॅटरी येते. साध्या बॅटरीचं काम सकाळी एकदा सेल्फ फिरवणं आणि मग आरामात चार्ज होणं. इथे तिला दर सिग्नलला सेल्फ फिरवायचा असतो, आणि इंजिन बंद असताना लाइट, ब्लोअर, म्युझिक सिस्टीमही तिच्यावरच. हे अर्धवट चार्ज, पुन्हा डिस्चार्ज साध्या बॅटरीच्या प्लेटांना सोसत नाही. सल्फेट साचत जातं आणि काही महिन्यांत ती बसते. बॅटरीवाला म्हणतो ‘साइज तीच आहे, बसते ना बरोबर’. बसते, टिकत नाही.

जुन्या बॅटरीच्या लेबलवर ईएफबी, एजीएम किंवा आयएसएस (आयडल स्टॉप-स्टार्ट) लिहिलेलं आहे का ते आधी बघा. जपानी मापाच्या बॅटरीवर एम-42, एन-55, क्यू-85 असे कोड असतात. असा कोड दिसला की ती बहुतेक स्टॉप-स्टार्टची. एजीएमच्या जागी ईएफबी लावू नका. ईएफबीच्या जागी एजीएम चालते, पण बॅटरी इंजिनाशेजारी बसत असेल तर आपल्याकडच्या उन्हात त्यात फार शहाणपणा नाही. एजीएमला उष्णता सोसत नाही. म्हणूनच अनेक कंपन्या ती डिकीत किंवा सीटखाली ठेवतात. दुकानातल्या साध्या चार्जरवर एजीएम लावायची असेल तर व्होल्टेज 14.8 च्या वर जाता कामा नये.

बदलल्यावरही एक काम उरतं. निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा चौकोनी सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट गेला, किती आला, तापमान काय, हे तो मोजत असतो. बॅटरी काढली की त्याचा हिशेब पुसला जातो. काही गाड्यांत, विशेषतः युरोपियन, नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून, लॉक करून गाडी साधारण चार तास उभी ठेवली की सेन्सर स्वतः जुळवून घेतो. ‘नवी बॅटरी टाकली अन् स्टॉप-स्टार्ट बंद झालं’ म्हणून त्याच संध्याकाळी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एक रात्र द्या.

निगेटिव्ह टर्मिनलला वायर जोडणं

डॅशकॅम, जादा हॉर्न, अॅम्प्लिफायर, फॉग लाइट. बाहेरच्या दुकानात हे बसवताना काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला जोडतात. मग त्यातून जाणारा करंट सेन्सरच्या मोजणीतून सुटतो. सेन्सरला वाटतं बॅटरी भरलेली आहे, प्रत्यक्षात ती रिकामी होत असते. कधी उलटही होतं. अर्थ नेहमी बॉडीवरच्या अर्थ पॉइंटला द्या, म्हणजे करंट सेन्सरमधून जाईल. जंप स्टार्टलाही हाच नियम: लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला.

डॅशकॅमचा पार्किंग मोड रात्रभर चालू आणि सकाळी धरमपेठहून सीताबर्डीपर्यंत तीन किलोमीटर, एवढंच गाडीचं चालणं असेल तर बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. स्टॉप-स्टार्ट सगळ्यात आधी इथे रुसतं. आठवड्यातून एकदा वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, नाहीतर स्मार्ट चार्जर रात्रभर लावा.

मल्टिमीटर न लावताच अंदाज बांधणं

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. बोनेट उघडून ठेवा, दारं लॉक करा, चावी लांब ठेवा, आणि गाडी किमान चार तास उभी राहिल्यावर मोजा. लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. 12.6 व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश. या पातळीच्या आसपास बऱ्याच गाड्या स्टॉप-स्टार्ट थांबवू लागतात. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली वारंवार जात असेल तर ती बॅटरी फार दिवसांची नाही. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली येतो ते पाहा. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर, नाहीतर टर्मिनल सैल किंवा पांढरं पडलेलं. टर्मिनल आधी साफ करा, मग पुन्हा मोजा.

इथे हुशार मेकॅनिकही फसतो. इंजिन चालू असताना 12.7 च दिसलं की तो अल्टरनेटर गेल्याचं सांगतो. या गाड्यांत अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो: वेग वाढवताना चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि ब्रेकवर किंवा अॅक्सिलरेटर सोडल्यावर वाढवतो. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू करा. आकडा 13.8 ते 14.7 मध्ये गेला तर अल्टरनेटर ठणठणीत आहे.

‘चालत नाही’ म्हणजे बिघडलं असं समजणं

इंजिन बंद करण्याआधी गाडी बरंच काही तपासते. इंजिन पुरेसं तापलेलं हवं. चालकाचा बेल्ट लावलेला, दार आणि बोनेट बंद हवं. स्टिअरिंग फार वळलेलं नको, चढ फार नको. डिझेल गाडीत डीपीएफचं (धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, चालू असेल तर ती बंद होणारच नाही; त्या वेळी आयडलिंग किंचित चढलेलं आणि पंखा जोरात असतो. अशात चावीने गाडी बंद करू नका, जमलं तर तशीच वीसेक मिनिटं चालवा.

आणखी एक गोष्ट बिघाड वाटते: सिग्नलवर इंजिन बंद झालं, पाय ब्रेकवर चाळा म्हणून दोन-तीनदा वरखाली केला, आणि इंजिन एकदम सुरू झालं. ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमधल्या व्हॅक्यूममुळे. दर पंपाला तो कमी होतो, म्हणून गाडी इंजिन लावून भरून घेते. पाय स्थिर ठेवा.

सगळं ठीक असूनही डॅशबोर्डवर एरर येत असेल तर बोनेटच्या लॅचजवळचा छोटा स्विच पाहा. वॉशिंगचं पाणी, धूळ किंवा नीट न बसलेलं बोनेट यामुळे गाडीला बोनेट उघडं आहे असंच वाटत राहतं.

क्लच दाबून, पहिल्या गिअरमध्ये थांबणं

मॅन्युअल गाडीत इंजिन बंद होण्यासाठी गिअर न्यूट्रलला आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला हवा. ‘सिग्नल सुटला की पटकन निघता येतं’ म्हणून अख्खा मिनिट क्लच दाबून उभं राहणाऱ्याची गाडी कधीच बंद होत नाही, वर रिलीज बेअरिंग झिजतं ते वेगळंच. सिग्नलचा काउंटर 5 वर आला की क्लच दाबा. इंजिन लगेच लागतं, मग गिअर टाका. आधी अॅक्सिलरेटर दाबला तर काहीच होणार नाही.

ऑटोमॅटिकमध्ये अनेक मॉडेलांत ब्रेक किती खोल दाबला यावर ठरतं. रांग मुंगीच्या चालीने सरकत असेल तर गाडी थांबेल इतकाच ब्रेक हलका धरा. इंजिन चालू राहील. दहा सेकंदांहून कमी थांब्यासाठी बंद-चालू करण्यात नफा नाही, पुन्हा लावायला लागणारं इंधन तेवढंच खातं. 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन उभ्याने, एसीशिवाय, तासाला साधारण 0.6 ते 0.8 लिटर पितं. दिवसात एकूण दहा मिनिटं सिग्नलवर जात असतील तर 100 ते 130 मिली. बस, एवढंच. कोणी ‘मायलेज दुप्पट’ म्हणत असेल तर हसून सोडा.

मे महिन्यात सिस्टीमवर रुसणं

एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. इंजिन थांबलं की थंडावा थांबला, उरला फक्त पंखा. नवतप्यात 45-46 अंशांत सिग्नलवर अर्ध्या मिनिटात केबिन तापायला लागते आणि ओलसर वास येतो, कारण एसीच्या कॉइलवर साचलेलं पाणी वाफ होऊन आत येतं. ऑटो क्लायमेट असेल तर तापमान ‘लो’वर ठेवू नका, गाडीला ते कधीच गाठता येत नाही आणि इंजिन थांबतच नाही. 24-25 वर, आतली हवा फिरती ठेवा. उन्हात उभी केलेली गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं स्टॉप-स्टार्ट चालणार नाही, ते बरोबरच आहे. दुपारी साधा मॅन्युअल एसी असेल तर बटण दाबून सिस्टीम बंद करा, त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी सातनंतर आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती चालू ठेवा.

आणि बॅटरीचा खरा मारेकरी हा उन्हाळाच आहे. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. थंड गावी पाच वर्षं जाणारी बॅटरी इथे तीन-साडेतीनला मान टाकते आणि बोल स्टॉप-स्टार्टला लागतो. तिसरं वर्ष लागलं की एप्रिलआधी टेस्ट करून घ्या.

इंजिन गप्प म्हणजे गाडी बंद, असं समजून उतरणं

हे धोक्याचं आहे. घरासमोर थांबलो, इंजिन आपोआप बंद झालं, बेल्ट काढला, दार उघडलं, गेलो. काही गाड्यांत बेल्ट सुटताच इंजिन पुन्हा लागतं, काहींत लागत नाही पण इग्निशन चालूच राहतं आणि सकाळी बॅटरी शून्य. ऑटोमॅटिकमध्ये गिअर ‘डी’त राहिला असेल तर आणखी वाईट. सवय एकच ठेवा: ‘पी’ किंवा न्यूट्रल, हँडब्रेक, मग चावी किंवा बटण. इंजिन असं आपोआप बंद झालेलं असताना बोनेट उघडून हात घालू नका.

पाण्यात आणि हायवेनंतर

नरेंद्रनगरच्या पुलाखाली पावसात पाणी भरतं हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक. अशा पाण्यात शिरण्याआधी बटण दाबून सिस्टीम बंद करा. रांग थांबली आणि इंजिन पाण्यातच बंद झालं तर सायलेन्सरमध्ये पाणी चढू शकतं. पाणी इनटेकपर्यंत पोचलेलं असताना इंजिन आपोआप सुरू झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसात काचेवर वाफ धरत असेल तर समोरच्या काचेचा डिफ्रॉस्ट लावा; बऱ्याच गाड्यांत त्याने इंजिन चालूच राहतं.

समृद्धीवरून 120 ने येऊन नागपूरच्या टोकाला टोलच्या रांगेत थांबलात तर टर्बो लाल तापलेला असतो, आणि अशात इंजिन एकदम थांबणं त्याला बरं नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने या किंवा टोलआधी बटण दाबा.

सेन्सर काढून ‘कायमचा इलाज’ करणं

बहुतेक गाड्यांत बटण दर वेळी नव्याने दाबावं लागतं, याचा वैताग रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून बॅटरी सेन्सरचा प्लग काढणं किंवा बोनेट स्विच उपटणं हे मात्र करू नका. पहिल्याने स्मार्ट चार्जिंग बिघडतं, दुसऱ्याने अलार्म. बाहेरून ईसीयूचं (गाडीच्या कॉम्प्युटरचं) कोडिंग केलं तर वॉरंटीचा वाद ओढवून घ्याल.

जाता जाता ‘आयएसजी’ या शब्दाचा घोळ. ह्युंदाई-किआच्या गाडीत त्याचा अर्थ हीच स्टॉप-स्टार्ट सुविधा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये आयएसजी म्हणजे बेल्टने जोडलेला, सेल्फ आणि अल्टरनेटर दोन्हीचं काम करणारा भाग. सिग्नलवर इंजिन तोच लावतो, म्हणून खर्रकन आवाज येत नाही. येत असेल किंवा चर्र वाजत असेल तर बेल्ट आणि टेन्शनर तपासा. बेल्ट कंपनीच्या पार्ट नंबरचाच घ्या, कारण हा दोन्ही बाजूंनी ओढला जातो आणि साधा बेल्ट त्यावर सटकतो.