रविवारी वाटण, आठवडाभर रस्सा: स्लो कुकरची तयारी

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की पुढच्या आठवड्यातले धावपळीचे दिवस आधी हेरून ठेवा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्ट असणारं माणूस सकाळी सहाच्या सुमारास घराबाहेर पडतं. जनरल शिफ्टवाल्याला संध्याकाळी मुंबई नाक्याच्या नाहीतर द्वारकेच्या गर्दीतून सुटून दारात यायला साडेसात होतात, आणि मुलांचे क्लासही नेमके त्याच वेळेला. असे तीन दिवस निवडा, पाच नकोत. तासन्‌तास मंद शिजलेल्या सगळ्याच पदार्थांना एक ठरावीक मऊपणा येतो आणि रोज तेच ताटात आलं की घरातले कंटाळतात. आमच्याकडे सोमवारी कडधान्य, बुधवारी अख्खा मसूर आणि शुक्रवारी मटण अशी घडी बसली आहे. श्रावणात शुक्रवारीही छोलेच.

स्लो कुकर म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारं झाकणाचं भांडं. या यंत्राकडून काय मागायचं हे एकदा पक्कं झालं की बाकीची यादी आपोआप सुटते. तो मऊ शिजवतो. भाजणं, परतणं, रस्सा आटवणं ही त्याची कामंच नाहीत. लो आणि हाय या दोन्ही खुणांवर आतला रस्सा शेवटी उकळीच्या जवळपास पोचतो, लोवर पोचायला जास्त तास लागतात इतकाच फरक. पूर्वी चुलीच्या वैलावर डाळीचं मडकं सरकवून बायका शेतात जायच्या, तसंच हे. मुळात हे भांडं कडधान्यासाठीच जन्माला आलं. इरव्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं, आणि त्याची प्रेरणा होती लिथुआनियातल्या त्याच्या आजीकडचा ज्यू घरांमधला पदार्थ. सब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारीच बेकरीच्या भट्टीत ठेवलेलं कडधान्य आणि मांस दुसऱ्या दिवशी काढायचं. त्याने ते बाजारात आणलं तेही बीन्स शिजवायचं भांडं म्हणून. १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच 'क्रॉक-पॉट' या नावाने विकायला काढलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

शनिवारी विजेचं काम उरका. कुकर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लागला पाहिजे, एक्स्टेंशनवर नको, आणि पडदा किंवा पेपरची रद्दी त्याच्या आसपास नको. बिलाची चिंता करू नका: दोनशे वॉटचा कुकर आठ तास पूर्ण ताकदीने चालला तरी १.६ युनिट होतात. चिंता करायची ती वीज जाण्याची. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा मेसेज आला आहे का ते पाहा आणि त्या दिवशी कुकर लावूच नका. न सांगता गेली तर? फिरत्या बटणाचा कुकर वीज आली की मुकाट्याने पुन्हा सुरू होतो आणि मधे तीन तास तो थंड पडला होता हे तुम्हाला कळतही नाही. मायक्रोवेव्हचं घड्याळ संध्याकाळी शून्यावर लुकलुकत असेल तर तीच खूण. घरी कोणी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते सांगता येत नसेल, तर आतलं अन्न शिजलेलं दिसलं तरी टाकून द्या. मटण असेल तर जिवावर येतं, तरीही टाका. घरी कोणी असेल तर लगेच गॅसवर चढवून पूर्ण शिजवून घ्यायचं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी ओट्यावरचा पॉइंट त्या लाइनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनला एकदा विचारून घ्यावं.

आता रविवार. आठवड्याचा सगळा जोर या सकाळच्या दोन-अडीच तासांवर आहे, कारण चव वाटणातून येते आणि कच्चं वाटण कुकरमध्ये कितीही तास ठेवलं तरी त्याचा कच्चट वास जात नाही. दोन किलो कांदा उभा चिरा. घरात उन्हाळ कांदा असेल तर तोच घ्या. लाल कांद्याला पाणी जास्त, तो लवकर तांबूस होत नाही आणि तेल पीत राहतो. लासलगावच्या इतक्या जवळ राहून कांदा निवडून घेता येत नसेल तर काय उपयोग! लोखंडी कढईत तेल घालून कांदा टाकला की आधी तो पाणी सोडतो, कढई फसफसते आणि काहीच घडत नाहीये असं वाटतं. मग आवाज बसतो. थोड्या वेळाने तेलाचा बारीक तडतडाट पुन्हा सुरू होतो, कांद्याच्या कडा तपकिरी होऊ लागतात, आणि तिथून पुढे हात थांबवायचा नाही. मध्यम आचेवर पाऊण तास जातो. कांदा आकाराने पाव भागावर आला आणि सगळीकडून सारखा तांबूस झाला की उतरवा.

पाव किलो सुकं खोबरं किसून वेगळं भाजा, जवळजवळ काळपट होईपर्यंत, पण करपू देऊ नका. त्याच गरम कढईत दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस फिरवून घ्या. लसणाचे तीन गड्डे, शंभर ग्रॅम आलं आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घालून हे सगळं कमीत कमी पाण्यात वाटा. आणि मग, बरेच जण ही पायरी गाळतात, वाटण परत कढईत घालून हळद आणि घरचा काळा मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परता. काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाला आणि मिरचीला तेल लागतं; रश्शात नुसतं पाणी मिळालं तर रंग येतो, वास येत नाही. परातीत पसरून गार करा, वाटीवाटीचे भाग झिपच्या पिशव्यांत भरून चपटे दाबा आणि वर पट्टी चिकटवून तारीख लिहा. चपटी पिशवी फ्रीजरमध्ये जागा कमी खाते आणि दहा मिनिटांत सुटते. टोमॅटोची पेस्ट दाट होईपर्यंत आटवून तिच्या पिशव्या मात्र वेगळ्या ठेवा. वाटणात मिसळू नका. कारण पुढे येईल.

मटण आणायचं ते ताजं, किलोभर, हाडासकट, पुढच्या पायाचे आणि मानेचे तुकडे सांगून. मंद आचेवर हेच तुकडे सुटतात. मांडीचे सफाईदार तुकडे कोरडे पडतात. धुऊन, निथळून, हळद-मीठ चोळून डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गुरुवारी सकाळी ते खाली फ्रीजमध्ये उतरवायचं हे रविवारीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. गोठलेलं मटण थेट कुकरमध्ये टाकणं धोक्याचं आहे: आतला गोळा कोमट अवस्थेत फार वेळ राहतो आणि पाच ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. याच कारणाने टायमर लावून कच्चं मटण सकाळभर कुकरमध्ये नुसतं ठेवायचं आणि दुपारी सुरू करायचं, ही युक्तीही नको. मेमध्ये नाशिकचं स्वयंपाकघर काय तापतं ते आपल्याला माहीत आहे.

कडधान्य भिजवण्याचं गणित ऋतूवर बदलतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक आकड्यावर येतो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि ओट्यावर भिजत घातलेले काबुली चणे सकाळी मधोमध टणकच निघतात. थंडीत कोमट पाण्यात भिजवा आणि बारा तास द्या. उन्हाळ्यात उलट, भिजवणाचं भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्याला आंबूस वास येतो. सोसायटीला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असेल तर शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. जड पाण्यात चणे आठ तासांनीही दाताखाली कचकच लागतात.

राजम्याबद्दल मात्र सवलत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्च्या दाण्यांनीही माणसाला काही तासांत उलट्या-जुलाब होऊ शकतात. खळखळत्या उकळीने ते नष्ट होतं, पण ऐंशी अंशांच्या आसपास नुसतं गरम होत राहिलं तर दाणा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी होऊ शकतो. आणि स्लो कुकर नेमका त्याच टप्प्यात बराच वेळ घालवतो. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर उकळी फुटल्यावर अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. वाघ्या घेवडा हा राजम्याचाच भाऊबंद, त्यालाही हाच नियम. सकाळी एवढा वेळ नसेल तर हे उकळणं रविवारीच उरकून राजमा फ्रीजमध्ये ठेवता येतो. माझं मत विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधीचे काही आठवडे छोले आणि मसुरावरच हात बसवावा.

आदल्या रात्रीचं काम दहा मिनिटांचं. भिजलेलं निथळून ठेवणं, बटाटे एक इंचाचे कापून पाण्यात घालणं, फ्रीजरमधलं वाटण खाली उतरवणं, कणीक मळून डब्यात ठेवणं. सगळं साहित्य स्टीलच्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा. कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यात भरून ते भांडंच फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, पण गारठलेलं भांडं तापायला खूप वेळ घेतं आणि गरम तळावर ठेवलं की तडकूही शकतं.

सकाळी कडधान्याच्या दिवशी फार काही नाही. चौघांसाठी दोन वाट्या सुके चणे भिजवले असतील तर ते भांड्यात घाला, दाण्यांवर दोन बोटं कोमट पाणी, हळद, मीठ, एक तमालपत्र. लोवर आठ तास. टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही आत्ता नको: आंबटाने दाण्याचं साल आवळून बसतं आणि ते मऊ होत नाही. टोमॅटोच्या पिशव्या वेगळ्या ठेवायच्या त्या एवढ्यासाठी. मसुराला भिजवणही लागत नाही, लोवर सहा तास पुरतात. दिवसभर कोणी घरी येणार नसेल तर आठ तासांनी तो आमटीसारखा मिळून येतो, तेही छान लागतं.

मटणाच्या दिवशी सकाळची दहा मिनिटं गॅसपाशी उभं राहा. तेलात मटण मोठ्या आचेवर परतून त्याचा रंग बदलू द्या, वाटणाची एक पिशवी त्यात फोडा, दोन मिनिटं एकजीव करा. भांड्याच्या तळाशी बटाटे, कारण कंद मांसापेक्षा उशिरा शिजतात. वर मटण, वरून फक्त एक कप गरम पाणी. झाकणाची वाफ आतच फिरते, आटत काही नाही, त्यामुळे गॅसवर घालतो तेवढं पाणी घातलं तर संध्याकाळी पांचट रस्सा हातात येतो. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरलेलं असावं. लोवर आठ तास. चिकन आठ तासांत पार विरघळतं, त्याला लोवर पाच-सहा तास बास. घरात कोणी सेकंड शिफ्टला असेल आणि दुपारी बाराला कुकर लावून निघणार असेल त्याच दिवशी चिकन ठेवा. झाकण मधे उघडून पाहायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला वीसेक मिनिटं जातात, आणि हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण 'जरा ढवळून बघते' हे प्रेमापोटीच होतं.

काही पदार्थ या यादीत मुळीच घेऊ नका. कुळथाचे शेंगोळे खळखळत्या पाण्यातच टाकायचे असतात, कुकरमध्ये त्यांचा लगदा होतो. मोड आलेली मटकी कढईत पंधरा मिनिटांत होते, तिला आठ तास कशाला? भरली वांगी फुटतात. भात तर वेगळ्याच कुकरला लावा, इंद्रायणी तीन शिट्यांत तयार.

संध्याकाळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एका गॅसवर भात, दुसऱ्यावर कढई. कडधान्याचा दिवस असेल तर मोहरी-जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, त्यात वाटण, मग टोमॅटोची पिशवी, तेल सुटलं की शिजलेले चणे त्यांच्या पाण्यासकट ओता आणि एक सणसणीत उकळी आणा. डावभर चणे चेचून घातले की रस्सा मिळून येतो. चिंच, गूळ, नारळाचं दूध, दही हे सगळं याच वेळी. बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून मेथी किंवा पालक आणला असेल तर तोही मसुरात याच उकळीला, पाच मिनिटं. मटणावर नुसती कोथिंबीर आणि लिंबू. पोळ्या कणकेमुळे होतातच. बाजरीची भाकरी करायची असेल तर मात्र पीठ तेव्हाच मळा.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर खळखळून, स्लो कुकरमध्ये नाही, तो फार सावकाश तापतो. मातीचं भांडं गरम असताना नळाखाली धरू नका. कोमट झालं की पाणी भरून रात्रभर राहू द्या, सकाळी काथ्याशिवाय नुसत्या स्पंजनेही स्वच्छ निघतं.