दोन बोर्डांच्या मधलं काम: ड्युअल एनरोलमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ड्युअल एनरोलमेंटच्या, म्हणजे हायस्कूलच्या मुलांना शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स देण्याच्या, नोकरीत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला सांगेल, "हायस्कूलच्या प्रिन्सिपलशी आणि आपल्या डीनशी सूर जुळला की काम फत्ते." हे ऐकू नका. प्रिन्सिपल आणि डीन दोघंही मनापासून तुमच्या बाजूने असताना वर्ग रद्द होतात, आणि मुलांना ते सांगायचं काम तुमच्यावर येतं.

मी पुण्यात गणितात एम.एस्सी. करून काही वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, मग इकडे कॅलिफोर्नियात आले. आता एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, हायस्कूलबरोबरच्या भागीदारीचं काम करते. आपल्याकडची बरीच मंडळी या कामात येताना दिसतात. त्यांना युनिट (कोर्सचं क्रेडिट), सेमिस्टर, ट्रान्सफर (इथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं) हे ठाऊक असतंच. कोण कशावर सही करतं आणि त्या सहीला किती वजन आहे, ते मात्र उमगायला वेळ लागतो.

आपल्याकडे संस्थाचालकांनी मनावर घेतलं की प्राचार्य, विभागप्रमुख, कार्यालय सगळे कामाला लागतात. इथे तसं होत नाही. कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत, ती 73 डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेली आहेत आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टला लोकांनी निवडून दिलेलं ट्रस्टी बोर्ड आहे. पण 1988 च्या 'एबी 1725' कायद्यापासून अभ्यासक्रम, ग्रेडिंगची धोरणं, पदवी-सर्टिफिकेटच्या अटी या शैक्षणिक बाबतींत बोर्डाला प्राध्यापकांच्या अकॅडेमिक सीनेटचा सल्ला घ्यावाच लागतो. या बाबींच्या यादीला सगळे 'टेन प्लस वन' म्हणतात. ती छापून टेबलासमोर लावा. प्रस्ताव हातात आला की आधी तो या यादीत बसतो का ते बघा. बसत असेल, तर पहिला फोन प्रेसिडेंटच्या ऑफिसला नाही, सीनेटच्या अध्यक्षांना करायचा.

हे अडथळे वाटतील, पण तसे ते नाहीत. कम्युनिटी कॉलेज मुळात हायस्कूलच्याच पोटातून आलेलं आहे. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूललाच पुढची दोन वर्षं जोडून पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं. कॅलिफोर्नियात 1907 च्या कायद्याने हायस्कूलना अशी वर्षं जोडायची मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेस्नोने ती वापरली. पुढे या कॉलेजांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला, आपला विषय कोणी शिकवायचा हे आपण ठरवायला पुष्कळ वर्षं झगडा केला. म्हणून हायस्कूलच्या इमारतीत 'आमच्या नावाचा' कोर्स म्हटलं की प्राध्यापक सावध होतात. त्यांच्यावर चिडू नका.

आता मी ज्यात अडकले ते सांगते, आणि जरा पाल्हाळ लावून सांगते, कारण नवीन आलेले जवळजवळ सगळे इथेच अडकतात.

एका हायस्कूलला संख्याशास्त्राचा कॉलेज कोर्स हवा होता. शिकवायला त्यांच्याकडे एक सर होते: वीस वर्षांचा अनुभव, मुलांमध्ये लोकप्रिय, एपी स्टॅटिस्टिक्सचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेचे) निकाल उत्तम, राज्याचं टीचिंग क्रेडेन्शियल, शिवाय मास्टर्स. करार झाला, मुलांची नावं आली, पालकांच्या सह्या आल्या. सेमिस्टर तोंडावर आलं तेव्हा गणित विभागाने सरांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे घेतलेल्या सगळ्या कोर्सेसची अधिकृत गुणपत्रिका, मागवली. बी.ए. अर्थशास्त्रात आणि मास्टर्स शैक्षणिक प्रशासनात. विभागाने नकार दिला, आणि नियमाप्रमाणे तो बरोबर होता.

क्रेडेन्शियल हा हायस्कूलमध्ये शिकवण्याचा परवाना आहे. कॉलेजच्या कोर्सला तो चालत नाही, मग वर्ग हायस्कूलच्या खोलीत का भरेना. कॉलेजात शिकवायला राज्याने प्रत्येक विषयाची किमान पात्रता ठरवली आहे, सगळे तिला 'एमक्यू' म्हणतात. गणितासाठी गणितात किंवा उपयोजित गणितात मास्टर्स लागतं; नाहीतर त्याच विषयात बॅचलर्स आणि वर संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणित-अध्यापन यात मास्टर्स. नुसतं 'मास्टर्स आहे' याला अर्थ नाही, कशात आहे ते बघायचं. हायस्कूलचे बरेच शिक्षक पगारवाढीसाठी एज्युकेशनमध्ये मास्टर्स करतात, आणि ते इथे बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही.

मग 'इक्विव्हॅलन्सी'चा रस्ता उरतो. उमेदवाराचं शिक्षण त्या पात्रतेच्या तोडीचं आहे हे सीनेटने आखून दिलेल्या प्रक्रियेतून सिद्ध करायचं आणि बोर्डाने त्यावर मोहोर उठवायची. त्या समितीत मी बसलेली आहे. टेबलावर ट्रान्सक्रिप्टचा गठ्ठा, प्रत्येक ग्रॅज्युएट कोर्सवर पेन्सिलीची खूण, शेजारी कोर्सचं वर्णन उघडलेलं. 'रिसर्च मेथड्स' नावाचा कोर्स आला की कोणीतरी विचारणार, यात गणित किती आणि प्रश्नावली भरून घेणं किती? शिफारसपत्रांना तिथे काडीची किंमत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'सर फक्त हा एकच कोर्स शिकवणार आहेत, तेवढ्यापुरती सूट द्या' हे मागताच येत नाही. पात्रता पूर्ण विषयाची असते, एका कोर्सची नसते. ही विनंती घेऊन गेलात की समितीतल्या लोकांचा चेहरा पडतो आणि पुढच्या वेळी तुमचा अर्ज ते जास्त कसून बघतात.

म्हणून हायस्कूलशी पहिलं बोलणं होईल तेव्हाच शिक्षकांच्या ट्रान्सक्रिप्ट मागा. बायोडाटा नको, ट्रान्सक्रिप्टच. मागायला अवघडल्यासारखं होतं, समोरच्याला अपमान वाटेल असं वाटतं. तरी मागा. शिक्षक बसत नसेल तर लगेच विभागप्रमुखांना विचारा की आपलं कोणी तिकडे जाऊन शिकवेल का. तिथेही वेळ लागतो. पार्ट-टाइम प्राध्यापकाला पूर्णवेळच्या 67 टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि हायस्कूलची पन्नास मिनिटांची घंटा कॉलेजच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. ऑटो, वेल्डिंग अशा तांत्रिक विषयांत पात्रतेचं गणित वेगळं असतं. तिथे बरेचदा बॅचलर्स आणि दोन वर्षांचा किंवा असोसिएट डिग्री आणि सहा वर्षांचा कामाचा अनुभव पुरतो. पहिलीच भागीदारी असेल तर मी तिथूनच सुरुवात करा म्हणेन.

बाकी कागदपत्रांना घाबरू नका, ती शिकता येतात. 'सीकॅप' करार, म्हणजे ड्युअल एनरोलमेंटसाठी कॉलेज आणि शाळा यांच्यात होणारे भागीदारीचे करार, 2015 च्या 'एबी 288' कायद्यातून आले. त्यात मुलांना एका टर्मला 15 युनिटपर्यंत घेता येतात, फी पडत नाही, आणि हायस्कूलच्या आवारात शाळेच्या वेळेत वर्ग फक्त त्यांच्यासाठी राखता येतो. सीकॅपबाहेर मर्यादा 11 युनिटची. करार कॉलेजच्या आणि शाळेच्या डिस्ट्रिक्टच्या, अशा दोन्ही बोर्डांनी खुल्या सभेत लोकांचं म्हणणं ऐकून मंजूर करावा लागतो. नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावायचा, असं ब्राउन कायदा (सरकारी संस्थांच्या सभा खुल्या ठेवायला लावणारा राज्याचा कायदा) सांगतो. पण तुमच्या कॉलेजची आतली मुदत त्याच्याही कितीतरी आधी संपते, ती बोर्डाच्या सेक्रेटरीकडून विचारून घ्या. पुस्तकांचे पैसे कोण भरणार, शिक्षक कागदोपत्री कोणाचा नोकर, हे करारात स्पष्ट लिहा. शेजारच्या डिस्ट्रिक्टचा करार उचलून नावं बदलायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो करार त्यांच्या युनियनशी झालेल्या तडजोडींवर उभा असतो, तुमच्या नाही.

एक गोष्ट मला मनापासून लागते. या कायद्याचा हेतू लिहूनच ठेवलेला आहे: जी मुलं एरवी कॉलेजपर्यंत पोचली नसती, ज्यांच्यासारखी मुलं कॉलेजात कमी दिसतात, त्यांच्यासाठी हे दार. आणि हायस्कूल यादी पाठवतं ती ऑनर्समधल्या मुलांची, कारण ती सोपी असतात. यादी आली की काउन्सेलरशी बसा, कोण राहिलं ते विचारा. इंग्रजी शिकत असलेली मुलं, दुपारी भावंडं सांभाळणारी मुलं. हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

मार्गदर्शक शोधताना मोठ्या हुद्द्यावर जाऊ नका. व्हाइस प्रेसिडेंट दर थोड्या वर्षांनी बदलतात. ॲडमिशन अँड रेकॉर्ड्समध्ये वर्षानुवर्षं बसलेली बाई किंवा वेळापत्रक लावणारा माणूस तुम्हाला जे शिकवेल ते कुठल्याही कॉन्फरन्सला मिळणार नाही. त्यांच्या खिडकीशी उभं राहायची लाज बाळगू नका. आणि तुमच्या उच्चारांची काळजी तर अजिबात नको. ट्रान्सक्रिप्ट नीट वाचणाऱ्या माणसाचं बोलणं त्या मिटिंगांमध्ये लोक लक्ष देऊन ऐकतात. तुमची भारतातली पदवी मान्यताप्राप्त संस्थेकडून इव्हॅल्युएट करून घेतली नसेल तर घ्या. पुढे शिकवायची वेळ आली तर तुम्हालाही याच एमक्यूतून जायचंय.

पालकांशी बोलायची वेळ येईल, त्यात आपली मंडळीही असतील. त्यांना दोनच गोष्टी पक्क्या सांगा. इथला ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर जातो. नववीत घेतलेला डी पुढे ट्रान्सफरच्या अर्जातही दिसतो. आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या 1974 च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क मुलाचा असतो, मग ते पंधरा वर्षांचं का असेना. आईने फोन केला म्हणून प्राध्यापक मार्क सांगणार नाहीत, साधारणपणे मुलाची लेखी संमती लागते. त्यामुळे वर्ग सोडायच्या दोन तारखा, एक ट्रान्सक्रिप्टवर काहीच न उमटता सोडायची आणि दुसरी 'डब्ल्यू' (वर्ग मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन सोडायची, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच घरच्या कॅलेंडरवर लिहून घ्यायला लावा. हायस्कूलच्या तारखा वेगळ्या असतात आणि मुलं त्याच धरून चालतात.