पीपीपीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी कोल्हापूर वाचा

आमच्याकडे दर वर्षी जून-जुलैत नवी मुलं रुजू होतात. कोणी सिव्हिल करून एमबीए केलेलं, कोणी सीए, एखादी वकील. रस्ते, पाणी, मेट्रो अशा खासगी-सार्वजनिक भागीदारीच्या प्रकल्पांच्या निविदा तयार करणं, करार तपासणं आणि पुढची काही वर्षं त्यांच्या मागे राहणं हे आमचं काम. बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात फायनान्शियल मॉडेल हातात हवं असतं. मी त्यांना आधी कोल्हापूरच्या टोलबद्दलची कात्रणं आणि कोर्टाचे आदेश वाचायला देतो. मॉडेल दोन महिन्यांत येतं. कोल्हापूर समजायला जास्त वेळ लागतो, आणि ते समजल्याशिवाय मॉडेलमधल्या आकड्यांना काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रकल्प होता शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा. खर्च २२० कोटी, मुदत ३० वर्षं, पद्धत बीओटी, म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. महापालिका, राज्याचं रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी या खासगी रस्तेबांधणी समूहाची कंपनी असा तिघांचा करार २००८ साली झाला. कागदावर सगळं जुळत होतं. महापालिकेकडे पैसा नव्हता, रस्ते वाईट होते, कंपनी रस्ते बांधणार आणि गाड्यांकडून टोल घेऊन पैसे वसूल करणार. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जळाले. मधल्या काळात प्रकरण हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात जाऊन आलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसं आंदोलनात पुढे होती आणि त्यांच्यामागे सगळ्या पक्षांचे लोक होते. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केला आणि कंपनीला द्यायची रक्कम साडेचारशे कोटींच्या घरात गेली. ती शेवटी जनतेच्याच तिजोरीतून आली.

नवीन मुलं हे वाचून लगेच म्हणतात, "राजकारण झालं." राजकारण झालंच. पण एवढ्यावर थांबलात तर या धंद्यात काही शिकणार नाही. महामार्गावरचा टोल आणि शहरातला टोल यांत मोठा फरक आहे. महामार्गावरून माणूस महिन्यातून दोनदा जातो. शहराच्या हद्दीवरच्या नाक्यावरून तो कामाला जातो, मुलांना शाळेत सोडतो, बाजार समितीत माल नेतो. हेच रस्ते काल फुकट होते आणि दुसरा मार्ग नाही. त्यात गटारी, फूटपाथ अर्धवट असताना वसुली सुरू झाली, ही लोकांची सगळ्यात मोठी तक्रार होती. करारावर तिघांच्या सह्या होत्या. ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते त्या चौथ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक निविदेसोबत आपण जोखमींचा तक्ता करतो: भूसंपादन कोणाकडे, बांधकाम कोणाकडे, व्याजदर कोणाकडे. त्या तक्त्यात 'लोक पैसे देतील का' असा रकाना बहुतेक वेळा नसतो. तो स्वतः काढा. साहेब म्हणतील याची गरज नाही, तरी काढा.

आता वाहतूक मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहितो. सगळं गणित तिथून सुरू होतं आणि ती बघायला ऑफिसातलं कोणी जात नाही. मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास चालते आणि नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत होते. रात्री दोन वाजता शेकोटीजवळ स्वेटर-मफलर घालून बसलेली दोन-तीन मुलं पॅडवर रेघा ओढत असतात: मोटारसायकल, कार, जीप, एसटी, दोन आसांचा ट्रक, बहुआसांचा ट्रक. आता व्हिडिओ कॅमेरेही लावतात, पण वर्गवारी करणारा अजून माणूसच आहे. तुमच्या प्रकल्पाचे पुढच्या वीस-तीस वर्षांचे उत्पन्नाचे अंदाज या रेघांवर उभे राहतात. म्हणून एक रात्र तरी त्यांच्याबरोबर बसा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रस्त्याची मोजणी डिसेंबरात झाली होती. गळीत हंगाम ऐन भरात होता. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रभर थांबत नव्हती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकानुसार कार म्हणजे १ पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका कारच्या तुलनेत गाडी रस्त्यावर किती जागा खाते ते माप) आणि ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे ४.५. त्यामुळे अहवालात एकूण पीसीयूचा आकडा भरघोस आला. पण राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्क नियमांनुसार ट्रॅक्टर, दुचाकी आणि तीनचाकी यांच्याकडून साधारणपणे टोल घेत नाहीत. रस्त्याला किती लेन हव्यात हे पहिला आकडा सांगतो. पैसे किती येतील हे मात्र टोल लागू होणाऱ्या गाड्या सांगतात, आणि त्या ट्रॉल्यांच्या रांगेत फार थोड्या होत्या. अहवालाच्या सारांशात मोठा आकडाच ठळक छापलेला असतो आणि घाईत असलेला अधिकारी तोच वाचतो.

म्हणून वाहतुकीचा अहवाल हातात आला की आधी मोजणीचा महिना बघा. त्या आठवड्यात जत्रा, बाजार, निवडणूक काही होतं का, ते विचारा. हंगामी दुरुस्तीचा गुणांक, म्हणजे एका आठवड्याच्या मोजणीवरून वर्षाची सरासरी काढायचा आकडा, कुठून आणला ते बघा. बहुधा तो आसपासच्या पेट्रोल पंपांच्या महिनावार इंधनविक्रीवरून काढलेला असतो, तर ते पंप त्याच रस्त्यावरचे आहेत का? शेजारून गावातून जाणारा जुना रस्ता आहे का, आणि टोल चुकवायला ट्रकवाले तिथून जातील का? हे शेवटचं उत्तर अहवालात सापडत नाही. ढाब्यावर ड्रायव्हरशी बोललात तर दहा मिनिटांत मिळतं.

अंदाज चुकला तर काय करायचं याचं एक उत्तर महामार्गांच्या आदर्श करारातच, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या कराराच्या नमुन्यातच आहे. ठरलेल्या वर्षी प्रत्यक्ष वाहतूक अंदाजापेक्षा १ टक्का कमी भरली तर कराराची मुदत दीड टक्क्याने वाढते, जास्तीत जास्त २० टक्क्यांपर्यंत. १ टक्का जास्त भरली तर मुदत पाऊण टक्क्याने घटते, जास्तीत जास्त १० टक्के. हे कलम शोधून वाचा आणि एका कागदावर स्वतः आकडे मांडून बघा. तोटा आणि फायदा दोन्हीकडे कसे विभागले जातात, हे यातून जितकं लवकर कळतं तितकं वर्गातल्या लेक्चरमधून कळत नाही.

दुसरं प्रकरण मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. करार २००७ चा, पहिली गाडी धावली जून २०१४ मध्ये. तोवर खर्च फुगला होता आणि भाड्यावरून वाद पेटला. करारातलं भाडं ९, ११ आणि १३ रुपये असं होतं. मेट्रो चालवणाऱ्या खासगी कंपनीला १० ते ४० हवं होतं. पुढे भाडेनिश्चिती समितीने कमाल भाडं ११० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द ठरवली. हा गुंता झाला कसा? प्रकल्प सुरू झाला तेव्हा १८८६ च्या ट्रामवे कायद्याचा आधार होता, नंतर केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला. करार म्हणतो भाडं इतकं, कायदा म्हणतो सुरुवातीचं भाडं मेट्रो चालवणारा ठरवेल. त्यामुळे वकिलीतून या क्षेत्रात येणाऱ्यांना मी सांगतो की करार उघडण्यापूर्वी तो कोणत्या कायद्याच्या आधारावर उभा आहे ते तपासा, आणि मधल्या काळात तो कायदा बदलला तर काय, हे 'कायद्यातील बदल' या कलमात बघा.

दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचा धडा वेगळा आहे. तिथे पूल, बोगदे, स्थापत्यकाम दिल्ली मेट्रोने केलं. रूळ, सिग्नल, गाड्या आणि चालवणं खासगी कंपनीकडे होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये सेवा सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये पुलांच्या गर्डर आणि बेअरिंगमधल्या दोषांमुळे ती बंद पडली. कंपनीने करार संपवला आणि २०१३ च्या जुलैपासून दिल्ली मेट्रोच ती चालवते आहे. लवादाचा निवाडा २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूने आला, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तो कायम केला आणि त्याच कोर्टाने क्युरेटिव्ह याचिकेत (पुनर्विचारानंतरची शेवटची दाद) एप्रिल २०२४ मध्ये तो फिरवला. गाड्या थांबल्यापासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ बारा वर्षं गेली. दोन पक्षांचं काम जिथे एकमेकांना भिडतं, तिथे ताबा देताना तपासणी कोणी केली, कागदावर काय लिहिलं, दोष सापडला तर दुरुस्त कोण करणार, हे करारात एकेका वाक्यात स्पष्ट हवं. ही कलमं कंटाळवाणी असतात आणि शेवटच्या आठवड्यात घाईघाईत लिहिली जातात. ती लिहायचं काम स्वतःहून मागून घ्या. नव्या माणसाला या कामात पटकन नाव कमावता येतं.

भूसंपादनाबद्दल थोडक्यात. कार्यालयात थ्री-ए, थ्री-डी, थ्री-जी असे शब्द कानावर पडतील. ही राष्ट्रीय महामार्ग कायद्याची कलमं: आधी इरादा, मग घोषणा, मग मोबदल्याचा निवाडा. 'नियुक्त दिनांक', म्हणजे कराराची मुदत मोजायला सुरुवात होते ती तारीख, ठरायला आता साधारण ८० टक्के जमीन ताब्यात असावी लागते. ऐकायला चांगलं वाटतं, पण उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे ते नकाशावर रंगवून बघा. गावठाण, विहीर, स्मशानभूमी, उड्डाणपुलाचा पाया, हायटेन्शन लाइनचा टॉवर, सगळं तिथेच सापडतं. लांबी २० टक्के असते, दिरंगाई मात्र जवळजवळ सगळी तिथूनच येते. संयुक्त मोजणीला एकदा भूकरमापकाबरोबर शेतात उभे राहा. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली तीन मुंबईत आणि एक वारलेलं, हे प्रत्यक्ष पाहिलं की वेळापत्रकात तुम्ही भूसंपादनाला दिलेले महिने आपोआप वाढतात.

सगळीच प्रकरणं बिघडलेली नाहीत. जेएनपीटीने, म्हणजे न्हावा शेवाच्या बंदराने, १९९७ मध्ये एका कंटेनर टर्मिनलसाठी तीस वर्षांचा करार केला. १९९९ मध्ये सुरू झालेलं देशातलं ते पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. तिथे बंदर आधीच चालू होतं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, आणि शेजारीच बंदराचं स्वतःचं टर्मिनल असल्याने कामाची तुलना रोज होत होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाने आधी स्वतः कर्ज काढून बांधला आणि वसुलीचा हक्क २००४ मध्ये १५ वर्षांसाठी ९१८ कोटींना दिला. बांधकामाची जोखीम सरकारने घेतली, वाहतूक किती हे दिसल्यावर खासगी कंपनी आली. ती रक्कम पुरेशी होती का यावर पुण्यात अजून वाद होतात आणि ते व्हायला हवेत. पण क्रम शहाणपणाचा होता, असं मला वाटतं.

पीपीपीचा आढावा घ्यायला केंद्राने नेमलेल्या विजय केळकर यांच्या समितीने २०१५ च्या अहवालात हेच मांडलं: जी जोखीम जो पेलू शकतो त्याच्याकडे ती द्या, आणि तीस वर्षांच्या करारात फेरवाटाघाटीची रीतसर वाट ठेवा. हा अहवाल पूर्ण वाचा, फार मोठा नाही. २०१६ पासून आलेलं हॅम (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) हे त्याच विचाराचं रूप. ४० टक्के रक्कम सरकार बांधकामाच्या काळात देतं, उरलेली पुढच्या १५ वर्षांत हप्त्यांनी, आणि टोल सरकारकडे जमा होतो. कंपनीच्या डोक्यावरून वाहतुकीची जोखीम गेली. ती नाहीशी झालेली नाही, सरकारच्या डोक्यावर आली, हे मात्र अहवाल लिहिताना विसरू नका.

कोणत्या बाजूने सुरुवात करावी, असं बरेच जण विचारतात. सल्लागार कंपनीत निविदा जास्त पाहायला मिळतात, पण सही झाली की प्रकल्प डोळ्याआड होतो. बँकेच्या बाजूने काम केलंत तर करार संपुष्टात आल्यावर किती पैसे मिळतात, हे कलम आधी वाचायची सवय लागते. महामार्गांच्या आदर्श करारात वसुली सुरू झाल्यानंतर चूक कंपनीची असली तरी विम्याची रक्कम वजा करून थकीत कर्जाच्या ९० टक्के रक्कम मिळते. बँका एवढ्या सहज कर्ज का देत होत्या, याचं बरंचसं उत्तर त्या एका ओळीत आहे. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं इंडिपेंडंट इंजिनिअरच्या, म्हणजे काम करारानुसार होतंय का हे तपासणाऱ्या तटस्थ अभियंत्याच्या टीममध्ये काढा. पगार कमी, राहणं साइटवर, धूळ भरपूर. पण दरमहा अहवाल लिहिताना कराराचं प्रत्येक परिशिष्ट प्रत्यक्ष रस्त्याशी ताडून बघावं लागतं आणि दोन्ही पक्ष तुमच्याशी भांडतात.

आणखी एक काम आता वाढतंय. दोन हजारच्या दशकात झालेल्या बीओटी करारांच्या मुदती एकामागून एक संपत आहेत. 'हस्तांतरित करा' हा भाग आजवर फार थोड्यांनी हाताळलाय. रस्ता परत घेताना डांबराचा थर किती उरलाय, पुलांच्या सांध्यांची अवस्था काय, नाक्याच्या जागेचे कागद कोणाच्या नावावर, रोखून ठेवलेल्या रकमेतून दुरुस्ती कशी वसूल करायची, याची तपासणी मुदत संपण्याच्या बरीच आधी सुरू व्हावी लागते. तयार माणसं नाहीत, म्हणून नव्यांनाही जबाबदारी लवकर मिळते. मुलाखतीत 'तुम्हाला कशात रस आहे' असं विचारलं तर हे सांगा, आणि जाण्यापूर्वी आदर्श करारातलं हस्तांतरणाचं प्रकरण वाचून जा.